थाळनेरचा किल्लेदार आणि राष्ट्रांचा कायदा

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, रावेरच्या आमच्या लहानशा अंगणात दोन गृहस्थांचा वाद रंगला होता. विषय दूरदेशीचा होता. एका देशाच्या राज्यकर्त्याला दुसऱ्या देशाने फौज पाठवून पदच्युत करावे की नाही, असा तो प्रश्न. रेल्वेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांचे म्हणणे असे की, एखादा माणूस आपल्याच प्रजेला छळत असेल, तर शेजाऱ्याने त्याला खाली ओढण्यात पाप कसले? दुसरे गृहस्थ शाळामास्तर. ते म्हणाले, "आज त्याला ओढतील, उद्या तुम्हांला ओढतील. मग दाद कोणाकडे मागणार?" शेवटी दोघेही आमच्याकडे वळले. "फादर, ह्याबाबत ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे?"

सेमिनरीत शिकलेले उत्तर आम्ही दिले. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी न्याय्य युद्धासाठी तीन अटी सांगितल्या आहेत: युद्ध पुकारणाऱ्याला तसा अधिकार असावा, कारण न्याय्य असावे आणि हेतू शुद्ध असावा. दोघांनी मान डोलावली, छत्र्या उघडल्या आणि ते घरी गेले. त्यांचे समाधान झाले नव्हते, हे आम्हांला दिसत होते. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. अटी तीनच आणि सोप्या आहेत. परंतु त्या पुऱ्या झाल्या की नाही हे ठरवायचे कोणी? ज्याच्या हाती तलवार तोच जर निवाडा करणार असेल, तर तिन्ही अटी नेहमीच पुऱ्या होणार.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूरदेशी जाण्याची गरज नाही, असे पुढे आमच्या ध्यानात आले. रावेरहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की, केळीच्या बागा मागे टाकीत आपण अर्ध्याएक तासात बऱ्हाणपूरला पोहोचतो. त्यापलीकडे सातपुड्याच्या खिंडीवर अशीरगड उभा आहे. आणि ज्या तापीचे पाणी बऱ्हाणपूरच्या घाटांना लागून आपल्या तालुक्यात येते, तीच तापी पुढे शिरपूर तालुक्यात थाळनेरच्या पडक्या किल्ल्याच्या पायथ्याशी जाते. परकीय फौजेने राज्यकर्ता हटविण्याचा जो मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला, त्याचे दोन शेवटचे प्रसंग ह्याच नदीच्या परिसरात घडले आहेत. त्यांपैकी एकाची चर्चा तर थेट लंडनच्या पार्लमेंटात झाली.

निमंत्रण

कथेचा आरंभ मात्र वसईला होतो. वसई म्हटले की आपल्या वाचकांना प्रथम १७३९ साल आठवते. त्या वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी दीर्घ आणि रक्तरंजित वेढ्यानंतर पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. मराठ्यांची अपरिमित हानी झाली होती आणि सूड घेण्याची संधी हाती होती. तरीही तहाच्या अटी ठरल्या, त्या पाळल्या गेल्या आणि किल्ल्यातील पोर्तुगीज शिबंदी सन्मानाने बाहेर पडली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

त्याच वसईत ६३ वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी इंग्रजांशी तह केला. विठोजी होळकरांना बाजीरावांनी पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते. त्या वैरातून यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी त्यांनी शिंदे व पेशवे ह्यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव कोकणात उतरले आणि तेथून इंग्रजांच्या आश्रयाला वसईला आले. आपल्या गादीवर पुन्हा बसण्यासाठी त्यांनी परकीय फौजेला निमंत्रण दिले. मोबदल्यात इंग्रजांची तैनाती फौज कायमची पदरी बाळगणे, तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून देणे आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी तह वा युद्ध न करणे, ह्या अटी त्यांनी मान्य केल्या. १३ मे १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या छायेत बाजीराव पुण्यात परत आले.

कायद्याच्या भाषेत बोलायचे तर हे आक्रमण नव्हते. राज्याच्या मान्य प्रमुखाने स्वखुशीने मित्राची फौज बोलावली होती. आजही जगात फौजा जेव्हा सीमा ओलांडतात, तेव्हा 'आम्हांला तेथील सरकारनेच बोलावले' हे कारण पुष्कळदा पुढे केले जाते. शिंदे आणि नागपूरकर भोसले ह्यांना हा तह मान्य होणे शक्य नव्हते. त्यातून १८०३ चे युद्ध पेटले. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली आणि ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर व अशीरगड घेतले. आपल्या खानदेशावर होळकरांच्या फौजेची धाड, ह्या युद्धाची धामधूम आणि १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ ही सर्व संकटे एकापाठोपाठ कोसळली. गावेच्या गावे ओस पडली. निमंत्रण पुण्याच्या गादीसाठी होते. किंमत मोजणाऱ्यांत तापीकाठचा कुणबी होता.

विशेष हे की, ह्या उद्योगाबद्दल खुद्द इंग्लंडातही एकमत नव्हते. हिंदुस्थानात राज्यविस्ताराचे व जिंकण्याचे बेत करणे हे आपल्या राष्ट्राच्या इच्छेला, प्रतिष्ठेला आणि धोरणाला विसंगत आहे, असे १७८४ च्या कायद्यात पार्लमेंटनेच लिहून ठेवले होते. वसईच्या तहाची कागदपत्रे लंडनला पोहोचल्यावर लॉर्ड कॅसलरे ह्यांनी त्यावर टीका केली. मराठ्यांच्या अंतर्गत भांडणांत आपण कायमचे गुंतून पडू, अशी त्यांची भीती होती. आर्थर वेलस्लीने त्या टीकेला उत्तर लिहिले. कायदा लंडनमध्ये होता, फौज पुण्यात होती आणि दोहोंमध्ये कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास होता.

उच्चाटन

ज्या हातांनी बाजीरावांना गादीवर बसविले, त्याच हातांनी पंधरा वर्षांनी त्यांना उठविले. १८१५ साली पंढरपूर येथे गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री ह्यांचा खून झाला. इंग्रजांनी शास्त्रीबुवांच्या सुरक्षिततेची हमी घेतली होती. संशय त्रिंबकजी डेंगळे ह्यांच्यावर आला. ते ठाण्याच्या तुरुंगातून निसटले आणि जून १८१७ मध्ये पेशव्यांवर अधिक कडक तह लादला गेला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. बाजीरावांनी वचने मोडली, खुन्याला आश्रय दिला, मित्रावर हल्ला केला. सबब त्यांना राज्यावरून दूर केले आहे, असा त्याचा आशय होता. वतने, इनामे व धर्म ह्यांना हात लावला जाणार नाही, असे आश्वासनही त्यात होते.

बाजीरावांची बाजू घेणे अवघड आहे, हे आम्ही मान्य करतो. त्यांच्या अमदानीत महालांची वसुली मक्त्याने दिली जात होती आणि मक्तेदार रयतेला पिळून काढीत होते. त्यांच्या जाण्याने पुष्कळांना हायसे वाटले असेल. आमच्या अंगणातील रेल्वेवाले गृहस्थ त्या काळी असते तर त्यांनी एल्फिन्स्टनची बाजू घेतली असती, आणि त्यांना सर्वस्वी चूक म्हणता आले नसते. परंतु रयतेची ही दैना जाहीरनाम्याच्या वर्षी सुरू झालेली नव्हती. मक्त्याची ती पद्धत चालू असतानाच इंग्रजांची तैनाती फौज पंधरा वर्षे त्याच राज्यकर्त्याचे रक्षण करीत होती. प्रजेचे हाल दिसू लागले ते राजा इंग्रजांना नकोसा झाल्यावर. संत थॉमसांची तिसरी अट, शुद्ध हेतूची, येथे अडखळते.

थाळनेर

आता थाळनेरकडे वळू. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे तह झाला. त्या तहाने बालराजे मल्हारराव होळकर ह्यांच्या दरबाराने सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख, खानदेशासह, इंग्रजांना दिला. मुलूख कागदावर गेला. किल्ल्यांवर मात्र अजून होळकरांचेच किल्लेदार बसलेले होते. त्यांचा ताबा घेत सर टॉमस हिस्लॉप दक्षिणेकडे निघाला आणि २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तापी ओलांडण्यासाठी थाळनेरला येऊन पोहोचला.

किल्लेदार तुळशीराम मामा ह्यांनी किल्ला दिला नाही. तटावरून गोळीबार झाला. हिस्लॉपने निरोप धाडला की, तुमच्या धन्याने हा किल्ला आम्हांला दिलेला आहे. प्रतिकार केलात तर तुम्हांला बंडखोर समजण्यात येईल. उत्तर आले नाही. तोफा डागल्या गेल्या. दुपारनंतर शरणागतीचे बोलणे लागले आणि किल्लेदार काही माणसांसह बाहेर येऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला. आतल्या शेवटच्या दरवाजाशी मात्र शिबंदीतील अरब अटींसाठी अडून होते. मूठभर इंग्रज अधिकारी व शिपाई दिंडी दरवाजातून आत शिरले. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नव्हती. हत्यारे काढून घेण्यावरून झटापट झाली आणि अरबांनी तलवारी उपसल्या. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्ग्रेगर तेथेच ठार झाले, कर्नल मरे जबर जखमी झाले. मग बाहेरची फौज आत घुसली आणि सुमारे ३०० जणांची ती शिबंदी कापून काढण्यात आली. त्याच संध्याकाळी किल्लेदाराला फाशी देण्यात आले.

आतली झटापट झाली तेव्हा किल्लेदार बाहेर, इंग्रजांच्या ताब्यात होता. त्याची कोणतीही रीतसर चौकशी झाली नाही. हिस्लॉपचे समर्थन असे की, धन्याने तह केल्यानंतरही लढणारा किल्लेदार हा सैनिक राहत नाही, तो बंडखोर ठरतो. शिवाय शरणागतीनंतर दगा झाला आणि इतर किल्लेदारांना जरब बसणे आवश्यक होते. जरब बसली, हे खरे. गाळणा, चांदवड हे होळकरांचे किल्ले फारसा प्रतिकार न होता इंग्रजांच्या हाती आले.

ही वार्ता लंडनला पोहोचली. मार्च १८१९ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज व हिंदुस्थानातील फौज ह्यांचे आभार मानण्याचा ठराव पार्लमेंटपुढे आला. विजय निर्विवाद होता, ठराव संमत होणार हेही निश्चित होते. तरीही थाळनेरच्या किल्लेदाराचा प्रश्न उठला. शरण आलेल्या माणसाला कोणत्या अधिकाराने फाशी दिले, ही विचारणा झाली. ठराव मांडणारे जॉर्ज कॅनिंग ह्यांनाही तो टाळता आला नाही. अखेर हिस्लॉपचे आभार मानताना अशी पुस्ती जोडण्यात आली की, हे आभार केवळ लष्करी कामगिरीबद्दल आहेत. थाळनेरच्या प्रसंगाला सभागृहाने संमती दिली, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

ह्या पुस्तीने तुळशीराम मामा परत आले नाहीत आणि हिस्लॉपला शिक्षाही झाली नाही. पहिल्यांदा हा वृत्तान्त वाचला तेव्हा आम्हांला ती निव्वळ तोंडदेखली वाटली होती. आता तसे वाटत नाही. विजयाच्या आनंदात असलेल्या सभागृहाला एका परक्या, पराभूत आणि मृत किल्लेदारासाठी थांबावे लागले. आपल्या सेनापतीच्या कृत्यालाही एखादा नियम लागू होतो, एवढे त्यांना कबूल करावे लागले. पुढे १८९९ व १९०७ च्या हेग येथील नियमांत शस्त्र ठेवून शरण आलेल्याला मारणे स्पष्टपणे निषिद्ध ठरले, आणि १९४९ च्या जिनिव्हा करारांनी युद्धकैद्याचे संरक्षण विस्ताराने लिहून काढले. असे नियम एकाएकी आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी कोठेतरी आधी प्रश्न विचारलेला असतो.

राज्यकर्त्याचे काय झाले, तेही पाहू. बाजीराव पेशवे पाठलाग चुकवीत अशीरगडाच्या परिसरात, धुळकोटजवळ येऊन राहिले होते. ३ जून १८१८ रोजी ते सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. माल्कमने त्यांना वर्षाला आठ लाख रुपयांचे पेन्शन देण्याचे कबूल केले. लॉर्ड हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली, परंतु दिलेला शब्द त्याने मोडला नाही. बाजीराव गंगाकाठी बिठूर येथे गेले आणि १८५१ पर्यंत जगले. होळकरांची गादीही इंदूरला राहिली. ज्याने राज्य केले त्याला पेन्शन मिळाले, ज्याने तह केला त्याला राज्य राहिले आणि ज्याने किल्ला राखला त्याला फास मिळाला.

कायदा काय म्हणत होता?

त्या काळी ह्या विषयावर कायदा मुळीच नव्हता असे नाही. स्पेनने अमेरिकेतील राज्ये जिंकली तेव्हा सालामांका येथील डोमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया ह्यांनी १५३९ साली आपल्याच सम्राटाला अडचणीत टाकणारी व्याख्याने दिली. तेथील मूळ रहिवासी आपल्या भूमीचे खरे धनी आहेत. सम्राट काही सर्व जगाचा स्वामी नव्हे. ऐहिक बाबतीत पोपही सर्व जगाचे स्वामी नव्हेत. आणि केवळ श्रद्धा स्वीकारली नाही म्हणून कोणावर युद्ध करता येत नाही, असे त्यांनी प्रतिपादिले. ह्या धर्मगुरूंचा आम्हांला अभिमान वाटतो. पण अभिमानाबरोबर सत्यही सांगितले पाहिजे. निरपराध लोकांना त्यांच्याच राजाच्या जुलमापासून वाचविण्यासाठी बाहेरच्याने हस्तक्षेप करता येईल, हेही व्हितोरियांनीच मान्य केले. त्यांनी दार लावले आणि एक खिडकी उघडी ठेवली. खिडकी दयेपोटी ठेवली होती. तिच्यातून पुढे कोणकोण आत आले, हे इतिहासाला ठाऊक आहे.

दोन शतकांनी, १७५८ साली, वाटेल ह्या स्विस कायदेपंडिताने लिहिले की, एका राजाने दुसऱ्याच्या कारभाराचा न्यायाधीश होऊ नये. मात्र प्रजाच जुलमाविरुद्ध उठली तर तिला साहाय्य करता येईल. म्हणजे निदान प्रजेची इच्छा विचारात आली. खानदेशात १८१८ साली ती कोणी विचारली नाही. चौतीस वर्षांनी मात्र ती ऐकू आली. १८५२ साली सरकारने जमिनीची नवी मोजणी आरंभिली तेव्हा सावदा-रावेर भागातील शेतकरी मोठ्या जमावाने विरोधाला उभे राहिले आणि ते शमविण्यासाठी फौज आणावी लागली.

गोवा आणि त्यानंतर

दोन महायुद्धांनंतर, १९४५ साली, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेने खिडकीही बहुतांशी लावून घेतली. दुसऱ्या राष्ट्राच्या भूमीविरुद्ध वा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर करू नये. अपवाद दोनच, स्वसंरक्षण आणि सुरक्षा समितीची अनुमती. हा नियम आपल्या देशालाही एकदा विचारला गेला. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली आणि १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा ह्यांनी शरणागती पत्करली. सुरक्षा समितीत भारताने सेना मागे घ्यावी असा ठराव आला. त्याला सात मते पडली, विरोधात चार. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो पडला. भारताचे म्हणणे असे की, १५१० मध्ये बळाने घेतलेली वसाहत हीच मूळ आगळीक आहे आणि वसाहती संपल्या पाहिजेत हे महासभेने १९६० मध्येच जाहीर केले आहे. सालाझार ह्यांच्या सरकारने चौदा वर्षे वाटाघाटीचे दार उघडले नाही, हेही खरे. आम्ही स्वतः भारताची बाजू न्याय्य मानतो. तरी आपल्या बाजूने नियम वाकला तेव्हा तो वाकला होता, हे मान्य करण्याइतका प्रामाणिकपणा आपण ठेवावा. नाहीतर इतरांना तोच नियम सांगण्याचा आपला अधिकार दुबळा होतो.

गोव्याच्या प्रसंगातील एक गोष्ट थाळनेरच्या वाचकाला विशेष जाणवते. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझार ह्यांचा हुकूम व्हासालो ई सिल्व्हा ह्यांनी मानला नाही. त्यामुळे सैनिकांचे आणि गोव्यातील रहिवाशांचे प्राण वाचले. ते व त्यांचे सैनिक युद्धकैदी झाले आणि १९६२ मध्ये मायदेशी परतले. चिमाजी अप्पांच्या वसईपासून पणजीपर्यंत ही एक चांगली परंपरा आहे, आणि मध्ये थाळनेर हा तिचा भंग आहे.

पुढील काळातही प्रश्न सुटला नाही. १९७९ च्या आरंभी व्हिएतनामच्या फौजेने कंबोडियातील पोल पॉटची अमानुष राजवट संपविली; त्याच वर्षी टांझानियाने युगांडातून इदी अमीनला घालविले. कायद्याचा काटेकोर अर्थ लावला तर ह्या कृती सहज बसत नाहीत, पण त्या घडल्या नसत्या तर किती प्राण गेले असते, ह्या विचाराने मन थरकापते. उलट २००३ साली सुरक्षा समितीची स्पष्ट अनुमती नसताना इराकवर स्वारी झाली. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी तिला कळकळीने विरोध केला होता. सद्दाम हुसेन गेले, परंतु त्यानंतरच्या यादवीने त्या देशातील पुरातन ख्रिस्ती समाजासकट सर्वांनाच उद्ध्वस्त केले. २०११ मध्ये लिबियाच्या बाबतीत नागरिकांच्या रक्षणासाठी सुरक्षा समितीची अनुमती होती. राज्यकर्ता गेला आणि देश दुभंगला.

मग अंगणातील त्या दोघांना काय सांगावे? रेल्वेवाल्या गृहस्थांना आम्ही सांगू की, त्यांची करुणा खरी आहे आणि व्हितोरियांची खिडकी त्याच करुणेने उघडली होती. एखाद्या जनतेचा संहार चालू असताना केवळ सीमारेषेकडे बोट दाखवून स्वस्थ बसणे हाही अपराध आहे. पण फौज पाठवू पाहणाऱ्याला त्यांनी विचारावे: हा राज्यकर्ता तुमचा मित्र होता तेव्हा तुम्हांला त्याच्या प्रजेचे अश्रू दिसत होते काय? तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणी हा निवाडा केला आहे काय? आणि तो गेल्यावर त्या मुलखाचे धनी कोण होणार? १८१८ साली पहिल्या दोहोंचे उत्तर 'नाही' होते आणि तिसऱ्याचे 'आम्हीच'.

मास्तरांना सांगू की, त्यांची भीती रास्त आहे. कायदा दुबळा आहे, तो बलवानाचा हात क्वचितच धरतो. तरीही तो टाकून देऊ नये. मार्च १८१९ मधील ती पुस्ती दुबळीच होती. पण ती लिहिली गेली नसती, तर थाळनेरला जे घडले ते न्याय्यच होते, अशी नोंद विजेत्यांच्या दप्तरात राहिली असती. आज ती तशी नाही.

येत्या नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणदिनी आम्ही तापीकाठी थाळनेरला जाऊन येण्याचे ठरविले आहे. त्या दोघांनाही बरोबर येण्याचे निमंत्रण दिले आहे. वाटेत वाद होईल, ह्यात शंका नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी मात्र थोडा वेळ गप्प उभे राहायचे, त्या ३०० जणांसाठी, त्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांसाठी आणि शरण येऊनही न वाचलेल्या त्या किल्लेदारासाठी प्रार्थना करायची, एवढे आम्ही तिघांनी मान्य केले आहे.